मालाच्या पारड्याला लावलेलं वचन

काटा थरथरत असताना त्याला हात लावायचा नाही. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा, आणि तो मला माझ्या थोरल्या भावानं, दानीएलदादानं, कानशीची लाकडी मूठ बोटांवर हाणून शिकवला. दोन्ही पारडी मोकळी सोडली की दांडी वरखाली होते, मधला काटा डावीउजवीकडं नाचतो आणि मग हळूहळू आपला आपण थांबतो. तो थांबेल तिथं खरं. मला तेवढा दम कधीच नव्हता. काटा नाचायला लागला की माझं बोट पुढं जायचं आणि दादाची मूठ खाली यायची.

"थांबंल की तो! तुझ्या बापाची गाडी सुटाय लागलीया व्हय?"

आमचा दोघांचा बाप एकच होता, हे तो अशा वेळी विसरायचा.

तर मी तराजू दुरुस्त करणारा मिस्त्री. कोल्हापुरात भाजीवाल्यापासून गुळाच्या अडत्यापर्यंत सगळ्यांचे काटे माझ्या हाताखालून गेले. या अंकाच्या संपादकांचं म्हणणं पडलं, की धंद्यातले अनुभव लिहा, आणि तुम्ही ख्रिस्ती आहात तर रोजच्या जगण्यात देवाची आज्ञा पाळायची म्हणजे काय करायचं, तेही त्यात येऊ द्या. हे मी घरी सांगितलं तेव्हा माझी बायको सुनंदा शेंगा निवडत होती. ती एवढी हसली की सूप हातातून पडलं. "तुम्ही? आज्ञापालनावर?" म्हणाली, "मग दानूभाऊजींचं पण लिहा. न्हायतर मी संपादकांना कळवीन."

म्हणून दादाचं लिहितो.

आधी धंद्याचं थोडं. तराजूच्या दांडीत मधोमध एक पोलादी धार असते. सगळा भार तिच्यावर. ती झिजली, गंजली, कुणी पाडली की काटा खोटं बोलायला लागतो. मिस्त्रीनं धार कानशीनं घासून बसवायची, पारड्यांचा तोल साधायचा, मग वजनमापे खात्याचे साहेब तपासून शिक्का मारणार आणि मगच तो काटा बाजारात जाणार. परवाना असलेल्या मिस्त्रीलाच हे काम करता येतं. परवाना दादाच्या नावावर होता. मी त्याच्या हाताखाली होतो.

बाहेरच्याला वाटतं, काटा मारणाऱ्याला मिस्त्रीची गरज लागते. तसं काही नाही. पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवायला कुणाचा परवाना लागतो? तरी एखादा अडत्या यायचाच. खुर्ची ओढून बसायचा, इकडंतिकडं बघायचा. "पावणं, काटा जरा आमच्या अंगानं बोलंल असं करा की."

दादा मान वर न करता म्हणायचा, "काटा बोलत न्हाय, फकस्त ऐकतो. बोलायचं पायजे असलं तर पोपट घ्या."

झालं. त्याचा उपदेश एवढाच. सकाळी दुकान उघडताना शटरवर हात ठेवून डोळे मिटून जरा वेळ उभा राहायचा, तेवढीच त्याची बाजारात दिसणारी भक्ती. मला हे फार कमी वाटायचं. माझं नाव शमुवेल. अर्पणं आणण्यापेक्षा सांगितलेलं ऐक, असं ज्या संदेष्ट्यानं राजाला तोंडावर सुनावलं, त्याचं. बाजारानं त्याचं शामू मिस्त्री केलं, पण मला आपलं वाटायचं की मी संदेष्टाच आहे आणि अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

नव्वदच्या पुढची दोनचार वर्षं असतील. आमच्या चर्चच्या मैदानात उज्जीवन सभा झाल्या, म्हणजे थंडावलेला विश्वास पुन्हा पेटवायच्या. बाहेरून आलेले उपदेशक म्हणाले, तुमचा विश्वास तुमच्या कामात दिसू द्या. बाकीचे लोक ऐकून घरी गेले, जेवले, झोपले. मी दुसऱ्या दिवशी साइनबोर्डच्या पेंटरकडे गेलो आणि खऱ्या तागडीविषयीचं शास्त्रातलं वचन छोट्या छोट्या पत्र्यांवर रंगवून घेतलं. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, भोवती वेलबुट्टी. आमच्याकडं दुरुस्त झालेले काटे साहेबांचा शिक्का बसून परत जायचे, ते पोचवायला मी जायचो. जाताना रिव्हेट मारून प्रत्येकाला एकेक पत्रा बसवून द्यायचो. फुकट. कुठल्या पारड्याला? तर मालाच्या, कारण गिऱ्हाईकाची नजर मालाकडं असते.

वाचकांपैकी कुणाच्या लक्षात आलं असेल, तर तो माझ्यापेक्षा चांगला मिस्त्री झाला असता.

दादाला मी सांगितलं नव्हतं. म्हटलं, एकदम बाजारात फिरताना दिसेल आणि त्याचे डोळे भरून येतील. भाजीबाजारात शेवंताबाई म्हणून एक मेथी-कोथिंबीरवाली होती. ती तर पत्र्याला रोज हळदकुंकू लावायची. मी म्हटलं, "मावशी, हे लावायचं नसतं, वाचायचं असतं."

"मला कुठं वाचाय येतंय? पर लई गुणाचा हाय पत्रा. हा लावल्यापासनं माल पुरवठ्याला येतोय बघा."

हे ऐकून मी घरी जाऊन देवाचे आभार मानले. माल का पुरतोय, हा प्रश्न मला पडला नाही.

मग एका सकाळी वजनमापेवाले साहेब न सांगता बाजारात आले. एक काटा तपासला, दुसरा तपासला. निळा पत्रा असलेला प्रत्येक काटा गिऱ्हाईकाला कमी माल देत होता, बरोबर पत्र्याच्या वजनाइतका. दुपारपर्यंत आमच्या दुकानासमोर काटे जप्त झालेल्यांची गर्दी. साहेब शांत माणूस. त्यांनी पत्रा चष्मा वर करून वाचला, परत दादाच्या हातात दिला आणि म्हणाले, "वचन खरंय मिस्त्री. काटा खोटा आहे."

दादाचा परवाना काही महिने थांबवला गेला. गर्दी पांगून चार गिऱ्हाइकं उरली, तेव्हा तो माझ्याकडं वळला. ओरडला नाही, तेच वाईट.

"शामू, हे तुला कुणी सांगितलंतं?"

"देवानं," मी म्हटलं.

"देवानं खरा काटा कर म्हणून सांगितलंय. पत्रा मार म्हणून कुठं सांगितलंय? सांगितलेलं सोडून दुसरंच करायची तुला लई हौस."

हे इतकं बरोबर होतं की मला राग आला. मी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांपुढं म्हटलं, "तू बाजाराला भितोस. मी देवाला भितो."

त्यानं पाना खाली ठेवला. "मग देवाच्या दुकानात बस जा," म्हणाला.

पुढं खटपट करून मी स्वतःचा परवाना काढला आणि त्याच गल्लीत, त्याच्या बरोबर समोर दुकान टाकलं. लांब कुठं टाकता आलं असतं. पण लांबून माणूस दिसत नाही ना. बाजारानं आमची नावं ठेवली, थोरला काटा आणि धाकटा काटा. मधून रस्ता.

आता चर्चमधली अडचण सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा बोटभर पेला. त्याआधी पाळकसाहेब प्रत्येक वेळी एकच आठवण देतात, की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. मग सगळे शेजाऱ्याशी हात मिळवतात, "शांती असो" म्हणतात. दादा माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. तो वळायचा, मी हात पुढं करायचो, "शांती असो," "शांती असो," आणि पुढं महिनाभर एक शब्द नाही. एवढी शांती कोल्हापुरात दुसरीकडं कुठंच नव्हती.

पण त्यानंतर पेल्यांचं ताट यायला लागलं की मला तेच वचन आठवायचं. मी उठून बाहेर जायचो, स्कूटरजवळ उभा राहायचो, विनाकारण प्लग काढून पुसायचो. पाळकसाहेबांनी एकदा फाटकात गाठलं. "शमुवेल, तुमची स्कूटर दर महिन्याला प्रभुभोजनालाच कशी काय बिघडते?"

एका पहिल्या रविवारी तर मी सुनंदाला मागं बसवून सकाळीच पन्हाळ्याला निघालो. म्हटलं, अर्जंट काम आहे, एका हॉटेलवाल्याचा काटा बिघडलाय. वाटेत वाघबिळाच्या चढाला तिनं माझा खांदा धरला. मग म्हणाली, "पन्हाळ्यावर कुणाचा काटा बिघडलाय ते मला ठाऊक हाय. तो पुढं बसून स्कूटर चालवतोय."

"अगं, पण मी काय चुकीचं बोललो? माणसानं देवाला भ्यायचं की बाजाराला?"

"त्या वचनात कुणाचं बरोबर ते विचारलंय का कुठं? भावाच्या मनात काय हाय एवढंच विचारलंय. आणि पुढं लिहिलंय, जा."

गडावर आम्ही झुणका-भाकर मागवली. मला गेली नाही.

मी गेलो नाही असं नाही. नृसिंहवाडीला एका पेढेवाल्याचा काटा दुरुस्त करायला गेलतो. परत येताना दादासाठी अर्धा किलो पेढे घेतले, दुकानदाराकडून नीट बांधून. एसटीत बसलो आणि मनात वाक्यं जुळवायला लागलो. आधी काय म्हणायचं, तो काय म्हणेल, त्यावर मी काय. विचार करताना माझ्या हाताला काहीतरी चाळा लागतो. पुडक्याचा दोरा सुटला कधी आणि पेढे तोंडात गेले किती, हे स्टँडवर उतरेपर्यंत कळलं नाही. पुन्हा बांधलं आणि तसाच दादाच्या दुकानात गेलो.

"दादा, वाडीचे पेढे. तुझ्यासाठी."

त्यानं पुडकं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पुडकं आपल्या काट्यावर ठेवलं. दुसऱ्या पारड्यात अर्ध्या किलोचं वजन. काटा नाचला, थांबला. पुडकं वर.

"कमी हाय," म्हणाला.

मी पुडकं तिथंच सोडून परत माझ्या दुकानात आलो.

दुसऱ्या खेपेला पाळकसाहेबांनीच आम्हाला आपल्या घरी बोलावलं. चहा झाला. ते म्हणाले, वाद नको, फक्त प्रार्थना करू. मी लगेच डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या, आमच्यातल्या एकाचं अंतःकरण दगडासारखं झालं आहे, ते तू मऊ कर."

दादाचा आवाज आला. "हे प्रभू, दगडाचं नंतर बघ. ज्याची जीभ मऊ हाय आणि आत कानस हाय, त्याच्याकडं आधी बघ."

"हे पित्या, जे दुसऱ्याच्या नम्रतेला कानस म्हणतात—"

पाळकसाहेबांनी एवढ्या मोठ्यानं "आमेन" म्हटलं की त्यांच्या बाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. देवासमोर हात जोडून एकमेकांना बुकलणारे आम्ही पहिले नसू, पण एवढे सराईत कमी असतील.

अशी वर्षं गेली. नवं शतक लागलं, इलेक्ट्रॉनिक काटे आले. लाल आकडे दाखवणारे, न थरथरणारे. आमची गिऱ्हाइकं गळायला लागली. आम्ही समोरासमोर बसून माश्या मारायचो, त्याही आपापल्या. त्याच सुमारास दादा प्रभुभोजनाच्या वेळी उठून घरी जायला लागला. मी बाहेर स्कूटरपाशी, तो माझ्या शेजारून फाटकाबाहेर. मला वाटलं, त्याचा माझ्यावरचा राग एवढा वाढला की आता तोही पेला घेत नाही. खोटं कशाला सांगू, जरा बरंही वाटलं.

मग मुरगूडहून तानाजीराव आले. त्यांचं किराणा दुकान, दादाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी माझ्या टेबलावर तराजू आपटला. "शामू मिस्त्री, बघा हे. दानूदादांनी परवाच करून दिलाय. काटा मधी येतच न्हाय."

मी दांडी उलटी केली. धारेवर कानस वेडीवाकडी फिरली होती, लहान मुलानं पाटीवर रेघोट्या माराव्यात तशी. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? आनंद. बघितलंस दादा, तुझंही चुकतं! मग दुसऱ्या क्षणी अंगावर काटा आला. दादाची कानस उभ्या आयुष्यात कधी घसरली नव्हती.

तानाजीराव म्हणाले, "हात लई कापत्यात त्यांचं. चहाचा कप बी धरवत न्हाय. तुम्हाला म्हाईत न्हाय? भाऊ न्हवं तुम्ही त्यांचं?"

मी दांडी परत सुलटी करून ठेवली.

"आता आमच्याकडं साहेब येणार तपासणीला, शिक्का माराय. मी तर सांगणार बाबा, कुणी दुरुस्त केलाय ते. मला दंड कशाला?"

एकदा पत्र्यापायी परवाना थांबला होता. आता पुन्हा त्याच्या दुकानचा काटा खोटा निघाला आणि हातांची गोष्ट बाहेर आली, की परवाना जाणार तो परत येणार नव्हता. आणि परवाना गेला की दादाजवळ काय उरलं? सकाळी हात ठेवायला शटर तरी हवं.

मी म्हटलं, "तानाजीराव, संध्याकाळपर्यंत थांबा. काटा खरा करून देतो, साहेबांपुढं नाव काढू नका." ते चहा प्यायला गेले. मी कानस उचलली. गुपचूप दुरुस्त करून द्यायचं, दादाला कळूही द्यायचं नाही, केवढं मोठं मन! डोळे भरून आले माझे, स्वतःच्याच मोठेपणानं. आणि मग तो निळा पत्रा आठवला. हेही न सांगितलेलंच होतं की. सांगितलेलं एवढुसंच होतं. जा.

मी कानस खाली ठेवली, परत उचलली. उठलो, बसलो. समोर दादा भिंतीला टेकून बसला होता, हात काखेत दाबून. मला वाटायचं तो ऐटीत तसा बसतो. शेवटी तराजू उचलला आणि रस्ता ओलांडला. त्या गल्लीचा रस्ता दोन हातगाड्या जेमतेम जातील एवढा. मला घाम फुटला होता.

मार्थावहिनी त्याला जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. मला बघून त्या उभ्याच राहिल्या.

"काय आणलास?" दादा म्हणाला. "पेढं?"

"दादा, ही धार माझ्याच्यानं बसंना. जरा बघ."

त्यानं हात न काढता वाकून बघितलं. "ही माझीच कानस हाय. मला वळखू येत न्हाय व्हय? देवाच्या माणसा, लबाडी बी धड करता येत न्हाय तुला."

मी स्टुलावर बसलो. तेच स्टूल, ज्यावर बसून मी बोटांवर मार खाल्ला होता. जुळवलेली वाक्यं सगळी पळाली.

"दादा, चुकलं माझं."

"काय चुकलं? लई हायत. एक नाव घे."

"बाजाराला भितोस म्हटलो ते."

"पत्र्याचं न्हाय?"

"पत्र्याचं तर हायच."

"आन् पेढ्याचं?"

"ते एसटीत… विचार करता करता…"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, मला कळलं नाही. मग त्याच म्हणाल्या, "ह्यांनी प्रभुभोजन सोडलंय भावोजी. पेला सांडंल म्हणून. लोकांपुढं वेदीवरचा रस सांडायला नको म्हणत्यात."

"तू गप ग," दादा म्हणाला. आणि मी, जो इतके महिने समजत होतो की ते माझ्यावरच्या रागापायी चाललंय!

दादानं घसा साफ केला. "मी बी त्या दिवशी…" एवढं बोलला आणि हनुवटीनं पुढं खूण केली. "घे ती कानस," म्हणाला. "मी सांगतो, तू घास. हलक्या हातानं. शेवंताबाईची मेथी न्हाय ती."

मी घासलं, तो सांगत गेला. पारडी अडकवून दांडी वर धरली. काटा नाचायला लागला, आणि माझं बोट आपसूक पुढं गेलं. दादाचा हात काखेतून निघाला आणि माझ्या बोटांवर बसला. मार कसला, थरथरच ती. पण बसला नेमका.

"थांबंल की तो!"

थांबला. अगदी मध्ये.

समेट झाला म्हणजे भांडण संपलं, असं कुणी समजू नये. तपासणी पार पडली, दादानं आपला परवाना स्वतःच्या पायांनी जाऊन परत केला, आणि तो माझ्या दुकानात येऊन बसायला लागला. सोमवारी त्यानं माझी हत्यारं उचलून वेगळ्या खणात ठेवली, मंगळवारी आम्ही भांडलो. आठवड्यातून दोनदा तरी मला रस्ता ओलांडून पलीकडं दुकान टाकावंसं वाटायचं. आज्ञा एकदा पाळून मोकळं होता येतं, अशी माझी समजूत होती. काटासुद्धा दर वर्षी तपासावा लागतो, हे मला इतकी वर्षं धंदा करून सुचलं नव्हतं.

पुढच्या पहिल्या रविवारी तो माझ्या शेजारी बसला. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीतून स्कूटरकडं. पेल्यांचं ताट आमच्या बाकापाशी आलं. दादा उठायच्या बेतात होता. मी त्याचा गुडघा दाबून धरला.

"सांडंल," तो पुटपुटला.

"सांडू दे."

त्यानं पेला उचलला. रस काठाला लागून नाचायला लागला, डावीकडं, उजवीकडं. मी वाट बघितली. हा काटा आपला आपण थांबणार नव्हता. मी हात पुढं केला आणि त्याचं मनगट धरलं.

या वेळी त्यानं बोटांवर मारलं नाही. डोळे मिटून म्हणाला, "घट्ट धर की, मिस्त्री."